अंतरपाट

डेसिबल हा शब्द बी.कॉम. झालेल्या माणसाच्या आयुष्यात एकदाच यावा, तोही गणेशोत्सवात, पोलिसांच्या नोटिशीतून. त्यापलीकडे या शब्दाशी आपला व्यवहार होऊ नये अशीच आमच्या अभ्यासक्रमाची रचना होती. आम्हाला नावे-जमा शिकवलं, घसारा शिकवला, भागीदार मेल्यावर त्याच्या वाट्याचं काय करायचं तेही शिकवलं. परंतु एका भागीदाराचं बोलणं दुसऱ्याला ऐकूच येत नसेल तर काय करायचं, यावर एकही प्रकरण नव्हतं. ते मला बँकेत शिकावं लागलं.

झालं असं, की २०१९ चा पाऊस सरला आणि आमच्या गावाचा रस्ता रुंद करायला घेतला. रस्त्याखालून आमची फायबरची तार गेलेली. पिवळ्या यंत्रानं पहिल्याच दिवशी ती मुळा उपटावा तशी उपटली. जोडली. तीन दिवसांनी पुन्हा उपटली. पुन्हा जोडली. तिसऱ्यांदा मात्र तार जोडणारे आलेच नाहीत, कारण रस्ता अजून अडीच किलोमीटर रुंद व्हायचा होता आणि ती माणसं व्यवहारी होती.

तारेच्या एका टोकाला आमची शाखा आणि दुसऱ्या टोकाला, चार किलोमीटरवर बाजार समितीच्या आवारात, आमचं एक्स्टेन्शन काउंटर. काउंटर म्हणजे काय, दीड खोली, दोन खुर्च्या आणि एक पंखा. पण एस.टी. त्याच्या दारात थांबते आणि आत जायला एकही पायरी नाही. आमची मुख्य शाखा पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. आसपासच्या सहा-सात गावांतले पेन्शनर त्या दीड खोलीवर जीव का टाकतात, ते या बावीस पायऱ्यांवरून ध्यानात यावं. त्यात महिना नोव्हेंबरचा, म्हणजे हयातीच्या दाखल्याचा. आपण जिवंत आहोत हे सरकारला वर्षातून एकदा कळवावं लागतं. नुसतं जिवंत राहून भागत नाही. आणि हे कळवायला गुडघे नसलेली माणसं बावीस पायऱ्या चढून वर येऊ लागली.

अशात वरच्या ऑफिसचं पत्र आलं. वीस तारखेपर्यंत जोडणी न झाल्यास काउंटर ‘तात्पुरते’ बंद करावे. बँकेतला ‘तात्पुरता’ हा शब्द फार चिवट आहे. आमच्या शाखेत तात्पुरता म्हणून बसवलेला पंखा १९९६ पासून फिरतो आहे, आणि तात्पुरतं म्हणून बंद केलेलं मागचं दार कुठं होतं हे आता फक्त मामांना ठाऊक आहे. (मामा म्हणजे आमचे शिपाई. सगळ्या शाखेचे मामा.) तेव्हा वीस तारीख म्हणजे काय ते सगळे समजून चुकले.

बारा तारखेला दोन खोकी आली. त्यांत परातीएवढ्या दोन पांढऱ्या तबकड्या. एक आमच्या गच्चीवर लावायची, एक बाजार समितीच्या खांबावर, दोघींची तोंडं एकमेकींकडे. मग आपली बचत खाती, ठेवी, व्याज सगळं हवेतून जाणार. सेकंदाला पाच अब्ज ऐंशी कोटी वेळा थरथरणारी लाट, एका लाटेची लांबी पाच सेंटिमीटरच्या जराशी वर. या पट्ट्याला परवाना लागत नाही. २०१८ साली सरकारनं शक्तीची मर्यादा घालून तो मोकळा केला. कॅशिअरसाहेबांनी एवढंच विचारलं, की रोकड त्यातून जाणार नाही ना.

खोक्यांबरोबर एक मुलगाही आला. बावीस-तेवीस वर्षांचा, पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. आल्याआल्या म्हणाला, “सर, आधी बेंच टेस्ट करावी लागेल.”

मॅनेजरसाहेब म्हणाले, “बेंच बाहेर आहे, पण त्यावर पेन्शनर बसलेत.”

बेंच टेस्ट म्हणजे दोन्ही यंत्रं खांबावर चढवण्याआधी एका टेबलावर ठेवून एकमेकांशी बोलतायत का ते पाहायचं. यात मोठं शहाणपण आहे. टेबलावर चुकीच्या जागी पडलेली एक खूण खुर्चीत बसून दुरुस्त होते. तीच खूण पुढं सापडली तर पंधरा मीटर खांबावर चढावं लागतं आणि खाली उभे राहून चार जण सल्ले देतात. शिवाय ही विद्या आपल्या देशात नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८९४ ते १८९६ च्या सुमारास असेच प्रयोग केले. त्यांच्या लाटा तर काही मिलिमीटरच्या, म्हणजे आमच्याहून कितीतरी बारीक. फरक इतकाच, की त्यांच्या टेबलाभोवती कॅशिअर, डिपॉझिटवाल्या बाई, गोल्ड लोनवाले आणि मामा उभे नसावेत.

मॅनेजरसाहेबांच्या काचेच्या टेबलावर दोन्ही तबकड्या समोरासमोर ठेवल्या. मध्ये हातभर अंतर. डिपॉझिटवाल्या बाई म्हणाल्या, “अगदी बोहल्यावर उभ्या केल्यासारख्या दिसतायत हो!” फक्त अक्षता तेवढ्या टाकायच्या राहिल्या होत्या.

सुरुवातीला वधू-वर दोघंही मुके. दिवाच लागेना. मुलानं संगणक उघडून बोटं चालवायला सुरुवात केली. मामांनी मात्र वाकून वीज देणारा काळा डबा पाहिला आणि विचारलं, “बाळा, याला भोकं दोन हायेत. तू कुठल्या भोकात घातलंयस?” त्या डब्यात एका भोकातून तबकडीला वीज जाते आणि दुसरं नुसतं संगणकासाठी असतं. वायर दुसऱ्यात होती. दिवे लागले. मामांचा भाव त्या दिवशी जो वधारला तो अजून उतरलेला नाही.

मग दुसरी अडचण. संगणकाला कधी ही तबकडी दिसे, कधी ती. दोघी कारखान्यातून एकच पत्ता कपाळावर लिहून आलेल्या. हे मात्र मला चटकन कळलं. एकाच खातेक्रमांकाची दोन पासबुकं! एकाला नवा क्रमांक द्या, संपलं. मी तसं म्हणालो, मुलानं तसं केलं, आणि तो मला “सर” जरा वेगळ्या सुरात म्हणू लागला.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. खरी गंमत यापुढं. दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळखू लागली, सगळे हिरवे दिवे लागले, सिग्नलच्या पट्ट्या काठोकाठ भरल्या आणि काम मात्र होईना. जोडणी लागायची आणि सुटायची. लागली तर रखडत चालायची. एक फाइल पाठवली, ती अर्ध्यात रुसली. मुलगा म्हणाला, “सिग्नल तर उणे पंधरा दाखवतोय. एकदम भारी.”

उणे म्हटल्यावर बँकेतला माणूस दचकतो. मी त्याच्याकडून हा हिशेब समजावून घेतला. एक मिलिवॅट म्हणजे शून्य धरायचं आणि त्याच्या खाली डेसिबलनं मोजत जायचं. डेसिबल म्हणजे बेलचा दहावा भाग. महादेवाला वाहतात तो नव्हे, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा. दहा डेसिबलनं उतरलात की शक्ती दहापट कमी, तीननं उतरलात की जवळपास निम्मी. उणे पन्नास-साठवर यंत्र खुशीत असतं, उणे नव्वदच्या आसपास त्याला ऐकू येईनासं होतं. म्हणजे ही सगळी मंडळी जन्मभर ओव्हरड्राफ्टमध्येच असतात आणि त्यातच सुखी असतात. या हिशेबानं उणे पंधरा म्हणजे ओव्हरड्राफ्ट फिटत आला! मग अडलं कुठं?

दोन दिवस अडलं. मुलानं प्रोग्रॅम नवा घातला, पट्टा बदलला, पासवर्ड बदलला. कॅशिअरसाहेबांनी यंत्राखाली रबराची चकती ठेवून पाहायला सांगितलं. गोल्ड लोनवाल्यांनी अमावास्या कधी आहे ते पाहिलं. शेवटी मुलानं आपल्या ऑफिसला फोन केला. तिकडून हुकूम आला, की पीस सदोष असावेत, दोन्ही परत पाठवा, बदली यायला तीन आठवडे लागतील. तारीख चौदा. मॅनेजरसाहेबांनी ‘तात्पुरते’वालं पत्र फाइलीतून काढलं आणि पुन्हा वाचलं. त्यात काही बदल झालेला नव्हता.

त्याच वेळी बाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते. ऐंशी ओलांडलेले, पोलीस खात्यातून वायरलेस ऑपरेटर म्हणून निवृत्त. नेहमी बाजार समितीच्या काउंटरला येणारे. त्या दिवशी बावीस पायऱ्या दोनदा टेकत चढून आलेले. दाखल्याचं यंत्र मोकळं होईपर्यंत ते केबिनच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि बराच वेळ पाहत होते.

“काय रे बाळा, या दोघींत अंतर किती?”

“मीटरभर, आजोबा.”

“आणि बसणार कुठं?”

“चार किलोमीटरवर.”

“मग चार किलोमीटरची हाळी मीटरभरावर कशाला द्यायला लावतोस? कानात ओरडल्यावर ऐकू येतं व्हय?”

“पण आजोबा, सिग्नल फुल्ल आहे.”

“तेच तर म्हणतोय,” आजोबा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या काळी सेट तपासताना एरिअल काढून जागी दिवा लावत. सेटचा सगळा जोर दिव्यात जिरायचा. दिवा किती उजळला त्यावरून सेटचं बळ कळायचं, आणि शेजारच्या सेटचे कानही फुटायचे नाहीत.

मुलानं यंत्राचं पुस्तक शोधलं. शेवटून दुसऱ्या पानावर, जिथं कोणी जात नाही तिथं, ऐकणाऱ्या बाजूला जास्तीत जास्त किती सिग्नल चालेल ते दिलं होतं. आम्ही त्याच्या कितीतरी वर होतो.

मी कॅल्क्युलेटर ओढला. अंतर चौपट झालं की शक्ती सोळापटीनं विरते, हा वर्गाचा नियम. चार किलोमीटर म्हणजे मीटरच्या चार हजार पट. चार हजार गुणिले चार हजार: एक कोटी साठ लाख! म्हणजे खांबावर बसल्यावर जेवढं ऐकू येणार त्याच्या एक कोटी साठ लाख पट आवाज आम्ही त्या गरीब तबकडीच्या कानात ओतत होतो. डेसिबलमध्ये बहात्तर. (तबकड्या इतक्या जवळ आल्या की हा नियम सैल पडतो आणि आकडा बराच खाली येतो म्हणे, पण कानठळ्या बसायला उरतं ते पुरेसं असतं.) यंत्र हे बोलणं लाटेच्या उंचीतल्या अगदी बारीक फरकांत लिहितं. ऐकणारा भाग ओसंडला की लाटांचे शेंडे सपाट होतात आणि ते बारीक फरक त्यात पुसले जातात. आवाज पोचतो, अक्षर पोचत नाही. जोडणी लागतही होती आणि कामही होत नव्हतं, ते यामुळे. अशी माणसंही मी पाहिली आहेत, पण ती बदली होऊन गेली; आता कशाला.

“याला मधे काहीतरी पाहिजे,” आजोबा म्हणाले.

“अंतरपाट!” बाई म्हणाल्या.

अंतरपाट म्हणून विकत मिळणारी वस्तू असते. तिला अ‍ॅटेन्युएटर म्हणतात. वीस-तीस डेसिबल गिळणारी बोटभर नळी. दोन यंत्रं वायरीनं जोडून मध्ये ती लावायची, ही रीतसर पद्धत. पण आमच्या यंत्रांच्या तबकड्या अंगच्याच होत्या, वायर लावायला जागा नव्हती. मग गावठी पद्धत. आधी दोघींचा आवाज पुस्तकात होता तितका खाली आणला. मग दोघींच्या पाठी एकमेकींकडे केल्या. मग एकीला दुसऱ्या खोलीत न्यायचं ठरलं. मुलाची नजर स्ट्राँगरूमकडे गेली. पोलादी दार, उत्तम अंतरपाट. कॅशिअरसाहेब दारात आडवे उभे राहिले. स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांनी उघडते आणि दोन सह्यांनी बंद होते, त्यात परात ठेवायची तरतूद नाही.

शेवटी रेकॉर्डरूम. तिथं जुनी लेजरं छताला टेकलेली. जतन करायची मुदत केव्हाच सरलेली, पण नष्ट करण्याचा ठराव तात्पुरता स्थगित. त्या थप्प्यांमागे दुसरी तबकडी ठेवली. कापडी बांधणीची ती जाडजूड लेजरं, आमच्या आधीच्या तीन पिढ्यांच्या कारकुनांनी मान मोडून लिहिलेली. त्यांचा कधी कोणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. आकडा उणे अठ्ठेचाळीसवर आला. फाइल गेली. सलग गेली! मामांनी चहा सांगितला.

वेग मात्र कमी होता. दिसायला हवा त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली. मुलाचा चेहरा पुन्हा पडला आणि तो एका दमात चार गोष्टी बदलायला निघाला. त्याला मी थांबवलं. रोजमेळ जुळत नसताना आम्ही काय करतो? फरकाला नऊनं भाग जातो का पाहतो. गेला तर कुठंतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. फरकाच्या निम्मी रक्कम शोधतो. सापडली तर ती नोंद नावेऐवजी जमेला बसलेली असते. पण एका वेळी एकच. चार खोडून चार लिहिणारा कारकून रात्री अकराला घरी जातो. मुलाला हे पटलं. म्हणाला, “म्हणजे स्वॅप करू.” दोन्ही तबकड्यांच्या जागा बदलल्या, वायरी होत्या तिथंच ठेवल्या. दोष तबकडीबरोबर गेला तर तबकडी गुन्हेगार, जागेवर राहिला तर वायर. दोष जागेवर राहिला. वायरीचं टोक भिंगाखाली धरलं तर आठ तारांपैकी दोन अदलाबदलीनं बसवलेल्या. नऊनं भाग जाणारी चूक! टोक कापून नवं बसवलं, वेग आला.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मुलाचा उत्साह वाढला होता. “फक्त दोन मिनिटं, सर,” म्हणाला, आणि शाखेच्या चालू जाळ्यावर वेग पाहावा म्हणून त्यानं दोन्ही यंत्रांच्या वायरी शाखेच्या एकाच डब्यात खोचल्या. चौथ्या सेकंदाला कॅशिअरसाहेबांचा संगणक थांबला. मग बाईंचा. मग सगळ्यांचे. आतल्या डब्यावरचे दिवे मात्र दिवाळीसारखे लुकलुकत होते.

याचं कारण बँकेतल्या माणसाला समजायला अगदी सोपं आहे. ‘सर्वांस कळावे’ असं लिहिलेला कागद संगणक अधूनमधून सोडत असतात. तो कागद एका वायरीनं बाहेर गेला, हवेतून पलीकडे पोचला आणि दुसऱ्या वायरीनं परत त्याच डब्यात आला. डबा म्हणाला, नवीन पत्र! सर्वांस कळवा. पुन्हा तीच फेरी. या कागदाला वय नसतं, फाइल करणारा कोणी नसतो, आणि मागून नवे कागद येतच राहतात. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ असा शेरा मारून दोन ऑफिसांत जन्मभर फिरणारी फाइल मी पाहिली आहे. हीच फाइल सेकंदाला हजारो वेळा फिरली तर काय होईल ते त्या दिवशी पाहिलं. बाहेर चाळीस पेन्शनर रांगेत. “सर्व्हर डाऊन आहे,” बाईंनी सवयीनं जाहीर केलं. मामांनी या वेळी कोणालाही न विचारता एक वायर उपटली आणि शाखा भानावर आली.

दोन दिवसांनी तबकड्या चढल्या. चढवण्याचं फार सांगण्यासारखं नाही. एकच गोष्ट: नजर पोचली म्हणून लाट पोचत नाही. दोन टोकांच्या मध्ये तिला विटीसारखी, मध्ये फुगलेली मोकळी जागा लागते. चार किलोमीटरला मध्यावर सात मीटरची त्रिज्या. त्यामुळे शेजारच्या बंगल्याची टाकी दिसत असूनही आड येत होती. खांब वाढवला. आवाज पुन्हा पूर्ववत केला, आणि आकडा उणे सत्तावन्नवर स्थिरावला. कागदावरचा हिशेब चोपन्न सांगत होता. तीनचा फरक मी सोडून दिला. बँकेत सोडला नसता.

शेवटी पिंग. हा १९८३ साली माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसानं लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. पाणबुडी शोधताना सोनार ‘पिंग’ असा आवाज करतो, त्यावरून नाव. याचं काम एकच: पलीकडे हाक मारायची, “आहेस का?” पलीकडून यावं, “आहे.” किती वेळात आलं ते मांडायचं. मी एवढंच म्हणालो, की हा यंत्रांचा हयातीचा दाखला झाला. फक्त तो दर सेकंदाला द्यावा लागतो आणि त्यासाठी पायऱ्या नाहीत. हजार हाका मारल्या, हजार उत्तरं आली. एकोणीस तारीख होती.

वीस तारखेला सकाळी काउंटर उघडलं. पहिला मान आजोबांना. त्या दिवशी शाखेतल्या गोंधळात त्यांचा दाखला राहूनच गेला होता. अंगठा टेकवायचं यंत्र पुढं केलं, सरकारच्या २०१४ सालच्या त्या डिजिटल दाखल्यासाठी. आजोबांनी अंगठा टेकवला. जुळत नाही. पुसून टेकवला. जुळत नाही. पोलीस खात्यात सवय लागलेली असणार, तिसऱ्या वेळी त्यांनी दातओठ खाऊन, पंचनाम्यावर उठवावा तसा अंगठा दाबला. यंत्र लाल झालं. तबकडी वर हजारात हजार उत्तरं देत होती आणि खाली आजोबा हयात असल्याचं सिद्ध होईना. मी कागदी फॉर्म काढायला ड्रॉवर उघडला.

तो मुलगा निघायच्या तयारीत होता. सॅक खाली ठेवून तो जवळ आला, वाकून यंत्राच्या काचेवरचा काळपट डाग त्यानं रुमालानं पुसला, आणि म्हणाला,

“आजोबा, जरा पॉवर कमी करा.”

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग अंगठा नुसता टेकवला. हिरवा दिवा लागला.